हे पेंटिंग इम्प्रेशनिस्ट कसं? कायबोतची रंधा मारणारी माणसं

इम्प्रेशनिझम (एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच चित्रकारांची चळवळ) म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर काय येतं, तर तळं, कमळं, छत्री धरलेली बाई, सगळं थोडं धूसर, चष्मा काढून बघितल्यासारखं. कॅलेंडरवर हेच, डेंटिस्टच्या वेटिंग रूममधे हेच, हॉटेलच्या लॉबीत पण हेच. आणि मग कोणीतरी गुस्ताव कायबोत नावाच्या माणसाचं १८७५ सालचं एक पेंटिंग दाखवतं, ज्यात तीन उघडी माणसं गुडघ्यावर बसून लाकडी जमीन तासतायत, प्रत्येक फळीची रेघ फूटपट्टीने मारल्यासारखी स्पष्ट दिसतेय, आणि वर सांगतं की हे पण इम्प्रेशनिस्टच बरं का. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं कॅप्शन चुकलंय.

कॅप्शन बरोबर होतं. आणि ते बरोबर का आहे हे एकदा कळलं ना, की कमळवाली चित्रं पण वेगळी दिसायला लागतात, म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी चित्र नीट बघू. फ्रेंच नाव आहे 'ले राबोतर द पार्के'. 'राबो' म्हणजे चक्क आपला रंधा, आणि पार्के म्हणजे लाकडी फळ्यांची जमीन, तेव्हा नावाचा सरळ अर्थ 'जमिनीला रंधा मारणारे'. इंग्रजीत 'फ्लोअर स्क्रेपर्स' म्हणतात. साइज साधारण १०२ बाय १४६ सेंटीमीटर, म्हणजे आडवी ठेवली तर छोट्या डायनिंग टेबलाएवढी होईल. एक रिकामी खोली, समोर बाल्कनीचं दार, दाराबाहेर नक्षीदार लोखंडी कठडा, भिंतींवर पांढरी पॅनल्स आणि त्यांना सोनेरी पट्ट्या. फर्निचर काहीच नाही. आणि जमिनीवर तीन माणसं, कमरेच्या वर उघडी. मधला आणि उजवीकडचा शेजारी शेजारी, दोघांचे हात पुढे ताणलेले, हत्यार घट्ट धरलेलं, आणि मधल्याचं डोकं उजवीकडच्याकडे कललेलं, काम करता करता काहीतरी गप्पा चालल्यात हे स्पष्ट कळतं. डावीकडचा जरा मागे, एकटा, खाली वाकून जमिनीवर पडलेल्या एका हत्याराकडे हात लांबवतोय. उजव्या कडेला वाइनची बाटली आणि ग्लास. आणि सगळीकडे ढलप्या, रंध्यातून निघतात तशा कुरळ्या.

माझा मामा सुतार. त्याच्या कारखान्यात लहानपणी सुट्टीत जायचो तेव्हा त्या ढलप्या बोटात अंगठीसारख्या घालायचा आमचा खेळ असायचा, त्यामुळे मला या चित्रात आधी माणसं नाही, ढलप्याच दिसल्या. त्यांचा वास पण आला असं लिहिलं तर जास्त होईल, पण आला.

आता ती जमीन बघा, कारण खरी गंमत तिथे आहे. लाकूड मेलं तरी पाणी प्यायचं सोडत नाही. हवेतला दमटपणा पितं, फुगतं, सुकलं की आकसतं, आणि असं होता होता फळीचा आकार बदलतो, कडा वर येतात आणि मधला भाग खोलगट राहतो, अगदी पन्हाळीसारखा म्हणता येणार नाही पण अनवाणी चाललं की पायाला कळतं. मग ती जमीन एका लेव्हलला आणायची तर सगळ्यात आधी काय करणार? जिथे दोन फळ्या भेटतात तो उठलेला सांधा रंध्याने खाली आणायचा, आणि नंतर मधलं राहिलेलं खरवडून काढायचं. चित्रात जमिनीवर लांबच लांब फिकट आणि गडद पट्टे दिसतात ना, ते डिझाइन नाहीये. फिकट पट्टा म्हणजे तासून झालेला भाग, गडद चकचकीत पट्टा म्हणजे अजून हात न लागलेला. म्हणजे त्या जमिनीवर कामाचा सगळा क्रमच लिहून ठेवलाय, कुठपर्यंत झालं आणि किती बाकी आहे ते चित्रासमोर उभं राहून सांगता येतं.

खरवडायचं हत्यार म्हणजे मुळात पोलादी पातं, त्याच्या धारेने लाकडाचा पातळ पापुद्रा निघतो. रंधा पुढे ढकलायचा असतो, खरवडणी बहुतेक वेळा आपल्याकडे ओढायची. दोन्ही कामं गुडघ्यावर बसून, अंगाचं सगळं वजन हातांवर घेऊन. आणि या पात्याची धार फार टिकत नाही, सारखी कानस मारायला लागते. डावीकडचा माणूस हात लांबवतोय तो बहुतेक त्यासाठीच. कामाच्या मधला तो जो अर्धा मिनिट असतो, ज्याला कोणी काम पण म्हणत नाही आणि विश्रांती पण म्हणत नाही, तो कायबोतने पकडलाय. शेतात नांगर धरलेला माणूस किंवा हातोडा वर उगारलेला माणूस काढणं त्यामानाने सोपं, ती पोझ आधीच तयार असते.

बरं, मग हे इम्प्रेशनिस्ट कसं?

आपला घोळ असा होतो की आपण इम्प्रेशनिझमला ब्रशची स्टाइल समजतो, म्हणजे तुटक तुटक फटकारे मारले की झालं. तो एक भाग आहेच, कमळवाली चित्रं काढणाऱ्या क्लोद मोनेने तेच केलं. पण या मंडळींना जोडणाऱ्या गोष्टी दुसऱ्याच होत्या. एक म्हणजे आजचं, आत्ताचं, आपल्या डोळ्यासमोरचं जग रंगवायचं, ग्रीक देवता नाहीत की रोमन लढाया नाहीत. दुसरी म्हणजे वस्तूला 'स्वतःचा' असा एक पक्का रंग असतो हे मानायचं नाही, तिच्यावर उजेड कसा पडतो त्यावर तिचा रंग ठरतो. आणि तिसरी जरा वेगळी, की सरकारी प्रदर्शनाच्या दारात ताटकळत उभं राहायचं नाही, स्वतःचं प्रदर्शन स्वतः भरवायचं.

दुसरा मुद्दा या पेंटिंगमधे तपासून बघा. उजेड फक्त मागच्या बाल्कनीच्या दारातून येतोय, माणसांच्या समोरून नाही. मोबाइलवर खिडकीसमोर उभ्या असलेल्या माणसाचा फोटो काढला की चेहरा काळा येतो आणि कडा चमकतात, तसलाच हा प्रकार. त्यामुळे त्यांच्या खांद्यांवर, पाठीवर, दंडावर पांढरट चमक आहे आणि चेहरे अंधारात. आणि जमीन तर कमालच आहे, एकाच झाडाचं लाकूड, एकच तपकिरी, पण जिथे जुनं पॉलिश आहे तिथे तो उजेड आरशासारखा उसळून निळसर पांढरा होतो आणि जिथे तासलंय तिथे तो लाकडात मुरतो आणि मऊ पिवळट दिसतो. मोनेला हाच खेळ तळ्याच्या पाण्यावर दिसला, कायबोतला अर्धवट तासलेल्या जमिनीवर. आमच्या बिल्डिंगमधे मोझॅइक टाइल्सना पॉलिश करायला मशीनवाले आले होते तेव्हा अर्धी खोली झाली होती आणि अर्धी बाकी होती, संध्याकाळचं ऊन आडवं आत आलेलं, आणि मी तिथे उभा राहून म्हटलं अरे हे तर तेच. मशीनवाल्याला वाटलं मी काम तपासायला उभा आहे, त्याने लगेच कोपऱ्यात अजून दोन हात मारले.

आता हा कायबोत कोण? तर पैसेवाल्या घरचा मुलगा. जन्म १८४८, पॅरिस. वडिलांचा धंदा सैन्याला कपडा आणि बिछान्याचं सामान पुरवण्याचा, त्यात बख्खळ कमाई. हा कायद्याची पदवी घेतलेला, १८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धाच्या वेळी सैनिक म्हणून भरती झालेला, आणि मग चित्रकलेकडे वळला, लेओं बोना नावाच्या नामांकित चित्रकाराकडे शिकला. घर मिरोमेनिल रस्त्यावर, आणि ते पॅरिस म्हणजे बॅरन ओस्मानने जुन्या गल्ल्या पाडून सरळ रुंद रस्ते काढलेलं नवंकोरं पॅरिस. नवीन इमारती, नवीन बाल्कन्या आणि त्यांच्यात लाकडी जमिनी. चित्रातली खोली म्हणजे त्याच घरात त्याच्यासाठी तयार होत असलेला स्टुडिओ असं मानलं जातं. वडील १८७४ च्या डिसेंबरमधे गेले आणि चित्र १८७५ चं.

म्हणजे समजून घ्या, तासली जातेय ती जमीन चित्रकाराचीच. तो मालक आहे आणि ते कामाला आलेत. आणि चित्रातला बघणारा डोळा कुठे आहे ते बघा, तो वर आहे, उभ्या माणसाच्या उंचीवर, खाली बघणारा. त्यामुळे जमीन आपल्याकडे उतरत आल्यासारखी वाटते, वाइड अँगलने फोटो काढल्यावर खोली ताणली जाते तशी. त्या काळच्या काही लोकांना हे पर्स्पेक्टिव्ह चुकलंय असंच वाटलं. मला विचाराल तर ते चुकलेलं नाही, काम कुठपर्यंत आलं ते दारात उभं राहून बघणाऱ्या मालकाला असंच दिसतं. घरात रंगारी किंवा प्लंबर आल्यावर आपण काय करतो, चहा विचारायच्या निमित्ताने दोनदा जाऊन उभे राहतोच ना.

पण कायबोत तपासायला उभा नाहीये, बघायला उभा आहे, आणि भरपूर वेळ उभा आहे. या बाबतीत तो बाकीच्या इम्प्रेशनिस्ट मंडळींसारखा अजिबात नव्हता. ते म्हणे कॅनव्हास बाहेर न्यायचे आणि उजेड बदलायच्या आत हात चालवायचे, १८४१ मधे पत्र्याच्या ट्यूबमधे रंग मिळायची सोय निघाली म्हणून तर ते जमलं. हा शाळेत शिकवलेल्या पद्धतीने जाणारा, आधी प्रत्येक भागाची वेगळी ड्रॉइंग्ज, हात, गुडघे, वाकलेली पाठ, आणि मग चौकटी आखून ते सगळं मोठ्या कॅनव्हासवर उतरवायचं. आपण शाळेत शिवाजी महाराजांचं चित्र मोठं करायला चौकोन आखायचो ना, तेच.

आणि एवढी शिस्तीत मेहनत करून त्याने ते १८७५ च्या सलाँला पाठवलं. सलाँ म्हणजे पॅरिसचं सरकारी छापाचं मोठं प्रदर्शन, ज्युरी बसायची, तिथे लागलं तर तुम्ही चित्रकार, नाही लागलं तर बसा घरी. ज्युरीने नाकारलं.

का नाकारलं हे कळायला त्या काळचे नियम माहीत पाहिजेत. उघडं अंग त्यांना चालत नव्हतं असं मुळीच नाही, उलट उघड्या अंगाशिवाय चित्रकलेचं शिक्षणच पूर्ण होत नसे. पण ते अंग हर्क्युलिसचं पाहिजे, अपोलोचं पाहिजे, नाहीतर कुठल्या तरी अप्सरेचं पाहिजे. रोजंदारीवर आलेला कारागीर उकाड्यात शर्ट काढून बसलाय म्हणून उघडा आहे, हे कारण त्यांच्या यादीत नव्हतं. पुढे एका समीक्षकाने तर लिहिलं की विषय हलका, दंड बारीक, छात्या अरुंद, उघडं अंग काढायचंच असेल तर निदान देखणं तरी काढा. आता दिवसभर गुडघ्यावर बसून जमीन तासणाऱ्याचं अंग असंच असणार, पिळदार पण कृश, पोटाचं घावन झालेलं. पण वर्तमानपत्रात लिहिणाऱ्याला जिममधला पाहिजे होता.

कष्टकऱ्यांची चित्रं त्याआधी नव्हती का? होती की. कुर्बेचं दगड फोडणाऱ्यांचं १८४९ चं चित्र (दुसऱ्या महायुद्धात ते नष्ट झालं), मिलेच्या १८५७ च्या चित्रातल्या शेतात सर्वा वेचणाऱ्या बायका. पण ती माणसं खेड्यातली, रस्त्याकडेची, आणि खेड्यातल्या गरिबीकडे शहरातला माणूस जरा हळवा होऊन बघू शकतो, ती लांब असते. कायबोतची माणसं शहरातली आहेत. रोज सकाळी तुमच्याच जिन्याने वर येणारी, आणि संध्याकाळी खाली जाणारी. शहरी कामगार असा घरात शिरून कामावर दाखवणारी चित्रं तोपर्यंत जवळजवळ नव्हतीच. इम्प्रेशनिस्टांपैकीच एक असलेल्या देगाने कपडे धुणाऱ्या आणि इस्त्री करणाऱ्या बायका काढल्या त्या पण याच सुमाराच्या.

शिवाय चित्रात उपदेश नाही. या बिचाऱ्यांची दया करा असं नाही, श्रमदेवतेचा जयजयकार पण नाही. घामाघूम आहेत, गप्पा मारतायत, बाटली अर्धी आहे की भरलेली ते मी नेहमी झूम करून बघतो. त्या बाटलीवर लोकांनी बरंच लिहिलंय, मला ती फक्त आपल्याकडच्या साइटवरच्या चहाच्या किटलीसारखी वाटते.

सलाँने नाकारल्यावर दुसरं दार उघडलं. १८७४ मधे मोने, रेन्वार, देगा, पिसारो, बेर्त मोरिझो वगैरेंनी पहिलं स्वतंत्र प्रदर्शन भरवलं होतं आणि 'इम्प्रेशनिस्ट' हे नाव तिथेच चेष्टेतून चिकटलं. १८७६ च्या दुसऱ्या प्रदर्शनासाठी रेन्वार आणि हेन्री रुआर यांनी कायबोतला पत्र पाठवून बोलावलं, आणि ड्युरां-रुएल या चित्रविक्रेत्याच्या गॅलरीत हे चित्र लागलं. त्याच विषयावरचं दुसरं, जरा छोटं चित्र पण त्याने तिथे लावलं, त्यात एक वयस्क कारागीर आणि एक कोवळा पोरगा आहे, बापलेक असावेत असं मला उगाचच वाटतं. 'फिगारो' या वर्तमानपत्राच्या समीक्षकाने त्या प्रदर्शनाबद्दल लिहिलं की पाच-सहा वेडे जमलेत आणि त्यातली एक बाई आहे.

आणि एमिल झोला, जो स्वतः कामगारांच्या आयुष्यावर कादंबऱ्या लिहिणारा, त्याला तरी आवडेल की नाही? नाही आवडलं. त्याचं म्हणणं असं की हे इतकं हुबेहूब, काचेसारखं स्वच्छ आहे की त्यात कला राहिली नाही, नुसती नक्कल झाली. म्हणजे बघा कशी पंचाईत, सलाँवाल्यांना विषय फार साधा वाटला आणि नव्या विचाराच्या माणसाला हात फार नीटनेटका वाटला. मला झोलाचं पटत नाही. हुबेहूब नक्कल करणाऱ्याने समोरची जमीन एवढी मोठी ठेवली नसती. चित्राचा अर्ध्याहून जास्त भाग नुसती जमीन आहे. आणि मागच्या लोखंडी कठड्याची वेलबुट्टी आणि जमिनीवरच्या ढलप्यांची कुरळी वळणं एकमेकींना कशी साद देतात बघा, आधी डोळ्यात भरत नाही, एकदा दिसलं की मग सुटत नाही. एका जागी लोखंड वाकवलंय कोणीतरी, दुसऱ्या जागी लाकूड. दोन्ही हाताचंच काम.

पुढची गोष्ट थोडक्यात. कायबोत या कंपूचा चित्रकार तर झालाच, पण पैसेवाला पण तोच होता. प्रदर्शनांचा खर्च उचलायचा, मोनेला अडीअडचणीला पैसे द्यायचा, आणि मित्रांची न खपलेली चित्रं विकत घ्यायचा. रेन्वारचं आज जगभर पोस्टरवर छापलं जाणारं ते नाचाच्या बागेचं चित्र याच्याच संग्रहात होतं. आणि १८७६ मधे, वय जेमतेम २८, धाकटा भाऊ नुकताच गेलेला, याने मृत्युपत्र करून ठेवलं की माझा संग्रह सरकारला द्या, पण माळ्यावर टाकायचा नाही आणि गावाकडच्या म्युझियममधे पण ढकलायचा नाही. तो १८९४ मधे ४५ व्या वर्षी गेला आणि मग त्या संग्रहावरून चांगलाच वाद पेटला, सरकारने काही चित्रं घेतली, काही नाकारली.

यातला चटका लावणारा भाग म्हणजे त्या यादीत त्याने स्वतःचं एकही चित्र ठेवलं नव्हतं. रंधा मारणाऱ्यांचं हे चित्र सरकारकडे गेलं ते त्याच्या वारसांनी, मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्या रेन्वारच्या मार्फत दिलं म्हणून. आधी लक्झेंबर्ग म्युझियम, मग लूव्र, मग झ द पोम, आणि १९८६ पासून पॅरिसच्या जुन्या रेल्वे स्टेशनात उभ्या राहिलेल्या म्युझे दॉर्सेमधे. कायबोत चित्रकार म्हणून मात्र बरीच वर्षं मागे पडला होता, मित्रांना पोसणारा श्रीमंत माणूस एवढीच ओळख, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोकांनी त्याच्याकडे परत बघायला सुरुवात केली.

मागच्या दिवाळीत मामा घरी आला होता तेव्हा त्याला मी हे चित्र मोबाइलवर दाखवलं. मामाचं आता वय झालंय, रंधा सोडून बरीच वर्षं झाली. त्याने चष्मा लावला, फोन हातात घेतला, बराच वेळ काही बोलला नाही, बोटाने चित्र मोठं केलं, इकडे सरकवलं, तिकडे सरकवलं. मी इम्प्रेशनिझमबद्दल काहीतरी सांगायला लागलो तर हाताने थांब म्हणाला.

"तीन माणसं ना? एवढी खोली दोन दिवसांत होईल," मामा म्हणाला. "पॉलिशचे वेगळे."